डंकर्कच्या जुन्या मोटरबोटी

इ. स. १९४० च्या मे महिन्याच्या १४ तारखेस, रात्रीं नऊच्या बातम्यांच्या वेळीं, बी. बी. सी. वरून ब्रिटिश नौदल खात्याचें एक निवेदन वाचून दाखविण्यांत आलें. ज्यांच्यापाशीं ३० ते १०० फूट लांबीच्या, स्वतःच्या एंजिनावर चालणाऱ्या हौशी नौका असतील, त्यांनीं त्यांची माहिती चौदा दिवसांच्या आंत खात्याकडे धाडावी, एवढाच त्याचा आशय होता. डंकर्कचें नांव त्यांत नव्हतें व असण्याचें कारणही नव्हतें. जर्मनांच्या चुंबकीय सुरुंगांना लोखंडी जहाजें बळी पडत असल्यामुळें लाकडी सुरुंगशोधक नौका बांधण्याच्या कामीं इंग्लंडांतील कारखाने गुंतून गेले होते. बंदरांतील किरकोळ कामास लागणाऱ्या लहान बोटी मिळेनाशा झाल्या होत्या. ती उणीव भरून काढण्यासाठीं ही गणती होती. परंतु बारा दिवसांनीं, २६ मे रोजीं, फ्रान्सच्या उत्तर टोंकाशीं कोंडलेलें ब्रिटिश सैन्य समुद्रमार्गानें सोडवून आणण्याचा हुकूम सुटला, आणि ॲडमिरल बर्ट्राम रॅम्से यांनीं डोव्हरच्या किल्ल्यांतून या कामाचीं सूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां या लहान बोटींची आठवण प्रथम झाली.

त्याचें कारण डंकर्कच्या भूगोलांत आहे. बंदराच्या पूर्वेस बेल्जमच्या हद्दीकडे गेलेली पुळण रुंद, सपाट आणि इतकी उथळ आहे कीं, विनाशिकेसारख्या जहाजाला तेथें किनाऱ्यापासून जवळजवळ मैलभर दूर उभें राहावें लागे. सैनिक छातीइतक्या पाण्यांत रांगा धरून उभे, जहाज समोर दिसतें आहे, आणि मधल्या मैलभर पाण्यांतून त्यांना नेणारें कांहीं नाहीं, अशी ती अवस्था होती. तें अंतर तोडण्यास हात-दोन हात पाण्यांत तरंगणारी बोटच हवी होती.

लहान नौकांचें खातें व्हाइस ॲडमिरल सर लायोनेल प्रेस्टन यांच्याकडे होतें. त्यांच्या सांगण्यावरून टेम्स नदीवरील टेडिंग्टन येथील नौका बांधणारे डग्लस टफ यांनीं नदीच्या दोन्ही कांठांवरून शंभराहून अधिक बोटी गोळा केल्या. कित्येक मालकांना आपली बोट गेल्याचें मागाहून समजलें. टफ यांच्या कारखान्यांत बोटींतील कपबशा, गाद्या, पडदे असें सहलीचें सामान उतरवून ठेवण्यांत आलें, टाक्या भरण्यांत आल्या, आणि एकीमागें एक अशा बांधून त्या शीअरनेसच्या गोदीकडे ओढून नेण्यांत आल्या. तेथें निवृत्त रिअर ॲडमिरल टेलर त्यांची डागडुजी करवून, माणसें नेमून त्यांना पुढें रॅम्सगेटला पाठवीत असत.

शीअरनेसच्या गोदींत त्या दिवसांत जें काम चाललें त्याचा उल्लेख शौर्यकथांत क्वचितच येतो. वास्तविक साऱ्या प्रकरणाचा तो कणा होता. या बोटी बहुतेक नदीवरच्या. त्यांतील पुष्कळशा जुन्या, आणि सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध सुरू होऊन पेट्रोलवर निर्बंध आल्यापासून कित्येक चिखलांत रुतून पडलेल्या. अशी बोट समुद्रांत नेली म्हणजे काय होतें, तें एंजिनाशीं हात काळे केलेला माणूसच जाणतो. संथ नदींत टाकीच्या तळाशीं गंज, गाळ व पाण्याचे थेंब निमूट बसून असतात. समुद्राच्या लाटेनें बोट हिंदकळली कीं तो सारा गाळ ढवळून वर येतो, नळींत शिरतो, आणि कार्बुरेटरचें सुईएवढें छिद्र बुजवून टाकतो. एंजिन खोकतें, दोन-चार धक्के देतें आणि थांबतें. जाणता कारागीर अशा वेळीं दोनच प्रश्न आधीं विचारतो : पेट्रोल पोंचतें आहे काय, आणि ठिणगी पडते आहे काय? पेट्रोल पोंचत नसेल तर नळी सोडवून फुंकावी, गाळणी धुवावी. ठिणगी नसेल तर खाऱ्या तुषारांनीं ओला झालेला मॅग्नेटो पुसावा, प्लग काढून वाळवावे. गोदींत, उजेडांत, हत्यारें हाताशीं असतां हें पाऊण तासाचें काम. डोलणाऱ्या बोटींत, अंधारांत, डोक्यावर विमानें घिरट्या घालीत असतां तें किती वेळाचें, हें सांगतां येणें कठीण.

त्यांत आणखी एक अडचण होती. नौदलाने या बोटींवर जे आगवाले नेमले त्यांतील बहुतेकांचा जन्म वाफेच्या भट्टीपुढें गेलेला. वाफेचें एंजिन सहनशील असतें. तें कुरकुरतें, पण चालतें. पेट्रोलचें एंजिन बिघडलें कीं अबोल होतें. म्हणून ज्या बोटींवर तिचा मालक अथवा रोजचा चालक बरोबर होता, त्या बोटींचा भरवसा अधिक धरतां येई. ज्याला आपल्या एंजिनाचा रुसवा ठाऊक असतो, त्याला तें पुन्हा कसें हंसवावें हेंही ठाऊक असतें.

सुकाणूची गोष्ट याहून निराळी. या बोटींत चाकापासून सुकाणूपर्यंत तारेचे दोर कप्प्यांवरून नेलेले असतात. ते गंजले कीं तुटतात, सैल झाले कीं कप्पीवरून उतरतात. चाक फिरतें, बोट मात्र वळत नाहीं. तेव्हां सुकाणूच्या डोक्यावर लाकडी दांडा बसवून हातानें बोट वळवावी लागते, आणि तो दांडा घरींच राहिला असेल तर बोट वाऱ्याच्या स्वाधीन. बरें, सुकाणू नीट असलें तरी दिशा कळली पाहिजे. लंडनच्या अग्निशामक दलाची ‘मॅसी शॉ’ ही नौका १९३५ सालीं बांधलेली व एंजिनानें दणकट. पण ती टेम्स नदीवरची नौका आणि तिच्यावर होकायंत्रच नव्हतें. तें घाईघाईनें बसविण्यांत आलें. पोलादी बोटींत बसविलेलें होकायंत्र बोटीच्या लोखंडाकडे ओढलें जातें; तें दुरुस्त करून घेण्यास बोट गोल फिरवून पाहावी लागते. तेवढा वेळ कोणापाशीं होता? चुकीच्या होकायंत्रावर आणि पुढें डंकर्कच्या जळत्या तेलसाठ्यांच्या धुरावर नजर ठेवून त्या अग्निशामकांनीं खाडी ओलांडली. ती आग विझविण्यासाठीं निघालेली नौका, पण शेंकडो सैनिक किनाऱ्यावरून वाहून नेण्याचें काम तिच्या वांट्यास आलें व तें तिनें केलें.

पुळणीवर पोंचल्यावर खरी परीक्षा होई. मोटरबोटीचें एंजिन थंड ठेवण्यासाठीं बुडाखालील नळीनें बाहेरचेंच पाणी ओढून घेतात व तें कुशीवरच्या तोंडांतून बाहेर सोडतात. कुशीवर धार पडते आहे तोंवर चिंता नाहीं. पण हातभर पाण्यांत पंखा फिरूं लागला कीं वाळू उसळते, ती नळींत जाते, धार बारीक होते, आटते. मग एंजिन तापून लाल होतें आणि अखेर त्याचे भाग एकमेकांत घट्ट बसून जातात. त्यावर गोदीबाहेर इलाज नाहीं. आणि वाळूपेक्षांही वाईट तें पाण्यावर तरंगणारें सामान. बुडालेल्या जहाजांचे दोर, सैनिकांनीं टाकलेले ओव्हरकोट, घोंगड्या, पट्टे, हें सारें पंख्याभोंवतीं गुंडाळलें जाई. सुदैव असेल तर उलट फिरवून गुंता सुटे. नाहीं तर कोणीतरी सुरी दांतांत धरून पाण्यांत उतरलें पाहिजे. अनुभवी माणसें म्हणूनच किनाऱ्याकडे तोंड करून, मागें नांगर टाकून बोट आंत सोडीत, आणि माणसें भरल्यावर एंजिनावर विसंबून न राहतां नांगराचा दोर ओढून मागें येत. नवखे मात्र पुळणीवर चढून बसत, व ओहोटी लागली कीं पुढच्या भरतीपर्यंत तेथेंच. ३१ मे रोजीं सकाळीं समुद्राकडून वारा सुटून लाटा वाढल्या, तेव्हां अशा कितीतरी बोटी आडव्या होऊन वाळूवर फेंकल्या गेल्या. शिवाय जहाजापर्यंत पोंचलेले सैनिक आपली रिकामी होडी तशीच सोडून देत. ती वाहत जाई. किनाऱ्यावर जे वाट पाहात होते त्यांच्या दृष्टीनें बाँबनें बुडालेली होडी आणि वाहून गेलेली होडी यांत कांहींच फरक नव्हता.

एंजिन आणि सुकाणू यांचा बिघाड मोठ्या जहाजावर केवढा भयंकर ठरतो, हें ‘ग्रेसी फील्ड्स’ या चाकाच्या आगबोटीवरून कळतें. वाइट बेटाकडे सहलीचे उतारू नेणारी ही बोट २९ मे रोजीं सुमारें ७५० सैनिक घेऊन निघाली असतां बाँब तिच्या एंजिनखोलींत पडला. खोली वाफेनें भरून गेल्यामुळें एंजिन बंद करण्यास कोणाला आंत जातां येईना, आणि सुकाणू एका बाजूस वळलेल्या स्थितींत अडकून बसलें. थांबतां येत नाहीं आणि सरळही जातां येत नाहीं, अशी ती बोट सहा सागरी मैलांच्या वेगानें समुद्रांत गोल गोल फिरूं लागली. त्या वेळीं ‘जटलँड’ आणि ‘ट्वेंटे’ या दोन डच मालवाहू मोटरनौका तिच्या दोन्ही कुशींस येऊन भिडल्या, आणि तिच्याबरोबर तसेंच वर्तुळ काढीत त्यांनीं माणसें उतरवून घेतलीं. पुढें ‘पँगबोर्न’ या युद्धनौकेनें तिला ओढून नेण्याचा प्रयत्न केला; पण त्याच रात्रीं ती बुडाली. ५ जून रोजीं जे. बी. प्रीस्टले यांनीं रेडिओवर जें भाषण केलें त्यांत याच बोटीचा जिव्हाळ्यानें उल्लेख होता, आणि लहान नौकांची जी कथा पुढें घरोघर झाली तिचा आरंभ बराचसा तेथून आहे.

त्या कथेंत थोडी अतिशयोक्ति आहे, हेंही सांगितलें पाहिजे. ४ जूनपर्यंत एकूण ३,३८,२२६ माणसें इंग्लंडांत उतरलीं. पैकीं २,३९,४४६ बंदराच्या धक्क्यावरून चढलीं, पुळणीवरून ९८,७८०. सर्वांत मोठा बोजा विनाशिकांनीं व उतारूंच्या आगबोटींनीं उचलला, आणि ब्रिटिशांच्या सहा विनाशिका या कामीं बुडाल्या. तथापि विनाशिकेच्या नांवावर मांडलेले कित्येक सैनिक तिच्यापर्यंत कोणत्यातरी बिननांवाच्या मोटरबोटीनें आणून पोंचविले होते. त्यांचा हिशेब कोणत्या वहींत मांडावा?

एका बोटीचा हिशेब मात्र नीट लागतो. ‘सनडाउनर’ ही ५८ फुटांची बोट १९१२ सालीं नौदलासाठीं वाफेची लाँच म्हणून बांधलेली. १९२९ मध्यें ती चार्ल्स लाइटोलर यांनीं विकत घेऊन मोटरबोट केली. हे तेच ‘टायटॅनिक’वरचे दुसरे अधिकारी, डंकर्कच्या वेळीं त्यांचें वय ६६. बोट नौदलाच्या माणसांच्या हवालीं करा असा निरोप आला तेव्हां, ती न्यायचीच असेल तर आपण स्वतः नेऊं, असें त्यांनीं कळविलें. १ जून रोजीं थोरला मुलगा रॉजर व एक तरुण सागरी बालवीर यांना घेऊन ते रॅम्सगेटहून निघाले. वाटेंत ‘वेस्टर्ली’ नांवाची मोटरबोट एंजिन बंद पडून पेटलेली दिसली. तींतील माणसें त्यांनीं आपल्या बोटीवर घेतलीं. विमानें अंगावर आलीं कीं लाइटोलर त्यांच्या हालचालीकडे टक लावून पाहात, आणि अगदीं शेवटच्या क्षणीं सुकाणू पूर्ण एका बाजूस फिरविण्याची खूण करीत. ही युक्ति त्यांना धाकटा मुलगा ब्रायन याच्या बोलण्यांतून मिळालेली होती. तो वैमानिक होता व युद्धाच्या पहिल्याच आठवड्यांत, ४ सप्टेंबर १९३९ रोजीं, पडला होता. बोट जुनी खरी, पण चाकाला ताबडतोब मानणारी. नुसत्या त्या एका गुणावर ती वांचली. धक्क्याशीं उभ्या असलेल्या विनाशिकेच्या कुशीवरून त्यांनीं १३० माणसें घेतलीं, खालच्या खोल्यांत निजवून, मग वर दाटीनें बसवून, आणि रॅम्सगेटला आणून उतरविलीं. इतकीं माणसें हिच्यांत मावलीं कशीं, याचेंच धक्क्यावरच्या लोकांना नवल वाटलें. ज्या मधल्या मुलाची काळजी लाइटोलर यांना होती, तो आधींच सुखरूप परत आलेला होता.

दुसऱ्या खेपेची त्यांची तयारी होती. परंतु आतां ताशीं २० सागरी मैल चालणाऱ्या जहाजांनींच जावें असा हुकूम निघाला होता, आणि ‘सनडाउनर’चा वेग होता १०.