जीमॅटचं व्हर्बल: ग्रामर गेलं, वाचन उरलं

आजचा इतिहास थेट आपल्या स्कोअरशी जोडलेला आहे.

बिझनेस स्कूलच्या प्रवेशासाठी १९५४ मध्ये अमेरिकेत एक सामायिक परीक्षा सुरू झाली. तिचं जीमॅट हे नाव १९७६ चं. १९९७ मध्ये ती कॉम्प्युटरवर आली, तीही ॲडाप्टिव्ह होऊन: तुमची उत्तरं बघून पुढचा प्रश्न ठरणार. (कोडर म्हणून मला हा भाग लय भारी वाटतो, पण तो पुन्हा कधीतरी.)

व्हर्बलवाल्यांना खरा धक्का बसला २०२३ च्या शेवटी. सेंटेन्स करेक्शनच गेलं! माझ्यासारख्या इंजिनिअर पोरांचा तोच तर आधार होता, नियम पाठ करा आणि मार्क घ्या. आता ४५ मिनिटांत २३ प्रश्न, त्यात फक्त उतारे आणि क्रिटिकल रीझनिंग. शिवाय एकूण स्कोअरमध्ये तिन्ही सेक्शनना सारखंच वजन.

मग तयारी कशी करायची? शब्दांच्या याद्या बाजूला ठेवा. हे बघा: ‘शहरात हेल्मेटसक्ती झाली, अपघाती मृत्यू घटले, म्हणजे सक्तीचा उपयोग झाला.’ यात न बोललेलं गृहीतक कोणतं? मधल्या काळात दुसरं काही बदललं नाही, हे. समजा त्याच वर्षी गाड्याच कमी धावल्या असतील तर? पर्याय वाचण्याआधी मी हे गृहीतक मराठीत पुटपुटतो. इंग्रजी मागाहून.

वेळ उरला तर सेक्शनच्या शेवटी ३ उत्तरं बदलता येतात. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे. ती तिन्ही मी रीझनिंगसाठी राखून ठेवलीत.