वेताळाची गोष्ट आणि अरण्यांतील वाचक

मुलांच्या हातीं भुताखेतांची गोष्ट द्यावी कीं न द्यावी, हा वाद आजचा नव्हे. मुंबईच्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीचे चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं 1828 सालीं बर्कीन या फ्रेंच लेखकाच्या बोधपर गोष्टी इंग्रजीवरून घेऊन ‘बाळमित्र’ सिद्ध केला. परंतु त्याच लेखणींतून 1830 सालीं ‘वेताळपंचविशी’ही उतरली. स्मशान, झाडाला लोंबणारें प्रेत, खांद्यावर बसून बोलणारा वेताळ. भयाची सामग्री यांत कांहीं कमी नाहीं! तरीहि वेताळ राजाला नुसतें भिववीत नाहीं. तो प्रत्येक कथेच्या शेवटीं एक अवघड प्रश्न घालतो, आणि वाचणारा मुलगा राजाच्या आधीं उत्तर शोधूं लागतो. भयाला विचाराचें काम लावणारी ही युक्ति पुढील पुष्कळ लेखकांना साधलेली नाहीं.

पुढें विसाव्या शतकांत नारायण धारप यांनीं (1925–2008) ‘समर्थ’ हा नायक निर्माण करून अशुभ शक्तींशीं झुंज देणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या. रत्नाकर मतकरी यांनीं एकीकडे गूढकथा, तर दुसरीकडे ‘अलबत्या गलबत्या’सारखें बालनाट्य दिलें. त्यांतील चेटकिणीला पाहून मुलें आधीं दचकतात आणि मग खदखदून हंसतात.

शहरांतील वाचकाला हें भय सुखाचें असतें, कारण दिवा हाताशीं असतो. भामरागड तालुक्यांतील हेमलकसा येथें प्रश्न निराळा होता. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं 1973 सालीं तेथें लोक बिरादरी प्रकल्पाचें काम आरंभिलें, तेव्हां माडिया लोकांत आजाराचें कारण बहुधा भूतबाधा किंवा दैवी कोप हेंच मानलें जाई, आणि रोगी प्रथम मांत्रिकाकडे जाई. तेथें चेटकीण ही कथेंतील पात्र नव्हती. तिच्या संशयावरून माणसाचें आयुष्य उद्ध्वस्त होऊं शके. महाराष्ट्रानें जादूटोणाविरोधी कायदा केला तो 2013 सालीं.

अशा ठिकाणीं 1976 मध्यें शाळा निघाली. माडिया ही द्राविडी कुळांतील बोली. तेव्हां मुलाला मराठी अक्षराबरोबर मराठी भाषाहि शिकावी लागे. त्याच्या घरची कथा गोटुलांत, शेकोटीजवळ, तोंडानें सांगितली जाई. ती ऐकतांना सारें गांव सोबतीला असे. पुस्तक मात्र एकट्यानें वाचावें लागतें.

मग या मुलापासून भयकथा दूर ठेवावी काय? तसें करणें अन्यायाचें होईल. पुस्तकांतील भूत कोणी माणसानें रचलेलें असतें, त्याला आरंभ व शेवट असतो, आणि पान मिटलें कीं तें मिटतें. हें ज्याला एकदां उमगलें, तो घरच्या भुताविषयींहि विचारूं लागेल: हें कोणीं रचलें? मात्र गोष्ट लहान असावी आणि शक्य तर माडियांतच असावी. परक्या भाषेंतील भूत अर्थ लावतां लावतांच नाहीसें होतें.