खोपोलीची गुणगुण आणि गेम बॉयची खरखर

कर्जतमधल्या एका शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या. अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने मामाकडून मिळालेल्या जुन्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर एक धून बसवली होती. यंत्र शाळेच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडले आणि धुनीमागून मोठी गुणगुण ऐकू येऊ लागली. अ‍ॅडॅप्टर काढून सेल घातले. गुणगुण गेली, पण भुंग्यासारखा एक आवाज आणि त्याच्यावर एक बारीक शिट्टी उरलीच. “यंत्रच खराब आहे,” असा निकाल लागला आणि धून कार्यक्रमातून वगळली गेली.

निकाल घाईचा होता. मागे ऐकू येणारे आवाज दोन निरनिराळ्या घरांतले होते. एकाचे घर यंत्राबाहेर होते, दुसऱ्याचे यंत्राच्या पोटात. दोघांचाही इतिहास पाहण्यासारखा आहे, आणि पहिल्याचा तर याच परिसरातून जातो.

पहिला आवाज विजेचा. लोणावळ्याच्या परिसरातील वळवण, शिरवता आणि लोणावळा या तलावांचे पाणी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडून खालापूर तालुक्यातील खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. पाठोपाठ १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. खोपोलीची वीज एक लाख व्होल्ट दाबाने सुमारे ७० किलोमीटरवरच्या मुंबईला जाई. ती प्रामुख्याने तिथल्या कापड गिरण्यांसाठी होती. तारा ज्या शेतांवरून गेल्या, त्या शेतकऱ्यांच्या घरात दिवा लागायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

ही वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करणारी. हा ५० चा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो अभियंत्यांनी निवडलेला आहे. युरोपात ५० रूढ झाला, अमेरिकेत ६०. कावेरीवरच्या शिवसमुद्रम येथे १९०२ साली सुरू झालेल्या केंद्राची वीज तर २५ आवर्तनांची होती. प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा चुंबकित होतो, म्हणून तो सेकंदाला १०० वेळा थरथरतो. अ‍ॅडॅप्टरमध्ये या विजेचे एकदिश विजेत रूपांतर होताना गाळणी अपुरी पडली, तर तिथेही १०० हर्ट्झची लाट शिल्लक राहते. तीच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरते आणि आपल्याला गुणगुण ऐकू येते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून सारा भारत जवळजवळ एकाच सुरात गुणगुणतो, असे म्हणायला हरकत नाही.

या गुणगुणीवरचा उपाय विजेच्या दिव्यांइतकाच जुना आहे. टेलिफोनच्या तारांमध्ये शेजारच्या तारांतले आवाज शिरत. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली दोन तारा एकमेकींभोवती पिळून घेण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पिळल्यामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो आणि त्यांच्यातला फरक घेतला की तो वजा होतो. १९२९ साली कल्याण–पुणे मार्गावर, म्हणजे कर्जतवरून, १,५०० व्होल्टची विजेची गाडी धावू लागली. जिथे जिथे अशी रेल्वे आली, तिथे तिथे शेजारून जाणाऱ्या संदेशतारांचा शब्द शाबूत ठेवणे हे अभियंत्यांचे एक नेहमीचे काम होऊन बसले.

आता दुसरे घर. संगणक आपले काम करताना विजेचे असंख्य झटके घेतो, आणि ते ऐकता येतात. १९५१ साली ऑस्ट्रेलियात, सिडनी येथे, सीएसआयआरएसी या संगणकाला ध्वनिवर्धक जोडलेला होता. तो यंत्राचे काम कुठवर आले हे कानाने समजण्यासाठी होता. कार्यक्रमाची नीट आखणी करून त्यावर धून वाजवण्यात आली. १९७५ साली अमेरिकेत स्टीव्ह डॉम्पिअर यांनी तर आल्टेअर संगणकाजवळ साधा रेडिओ ठेवून, त्यात येणाऱ्या खरखरीतूनच गाणे काढून दाखवले. एकाची खरखर ती दुसऱ्याची सामग्री!

निन्तेन्दो कंपनीचा गेम बॉय १९८९ साली जपानमध्ये बाजारात आला. ध्वनीच्या चार वाहिन्या, चार सेल आणि एक छोटा पडदा, एवढा त्याचा संसार. तो संगीतवाद्य म्हणून बनवलेला नव्हता. पण १९९८ साली ऑलिव्हर विटचो यांचा ‘नॅनोलूप’ आणि २००० साली योहान कॉटलिन्स्की यांचा ‘लिटल साउंड डीजे’ हे कार्यक्रम आले, आणि हे खेळणे जगभर मंचावर वाजू लागले. तेव्हाच त्याच्या पोटातली खरखर सर्वांना खटकू लागली. प्रोसेसर, पडदा आणि ध्वनीचा अ‍ॅम्प्लिफायर हे तिघे एकाच पुरवठ्यावर जगतात. पडद्याने घोट घेतला की पुरवठा किंचित हलतो आणि तो हेलकावा ध्वनीत उतरतो.

हा हेलकावा मोजता येतो. यंत्राचे घड्याळ सेकंदाला ४१,९४,३०४ ठोके देते. पडद्याच्या एका ओळीला ४५६ ठोके लागतात. भागाकार करा: सेकंदाला सुमारे ९,१९८ ओळी. हीच ती बारीक शिट्टी. एका चित्राच्या १५४ ओळी धरल्या जातात. पुन्हा भागा: सेकंदाला सुमारे ५९.७ चित्रे. हा भुंगा.

म्हणजे दोन गुन्हेगारांची ओळख पटवायला शाळेतली पेटी पुरते. विजेच्या गुणगुणीचा १०० हर्ट्झचा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळ लागतो. पडद्याच्या भुंग्याचा दुप्पट सूर सुमारे ११९ हर्ट्झ, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध. पांढरी पाच जुळली तर अ‍ॅडॅप्टर आणि जोडणी तपासा. त्यात न जुळणारा वरचा सूर निघाला तर खोपोलीला दोष देऊ नका.

उपायही त्याप्रमाणे ठरतात. बाहेरच्या आवाजासाठी सेल वापरावेत, जोडतार आखूड आणि आवरणाची असावी, ती विजेच्या तारांपासून दूर ठेवावी. आतल्या आवाजासाठी जाणकार मंडळी ध्वनी आतल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच बाहेर काढतात, म्हणजे हेलकावे त्यात मिसळण्याआधीच. पडद्यामागे नवा उजेड बसवणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. त्याचे मंडल अनेकदा स्वतःची शिट्टी घेऊन येते. नुसता आवाज वाढवणे हा उपाय नव्हे, कारण अ‍ॅम्प्लिफायर धून आणि खरखर दोघांनाही सारखेच मोठे करतो. धून १ व्होल्टची आणि खरखर एक हजारांश व्होल्टची असेल, तर त्यांचे गुणोत्तर १,०००, म्हणजे ६० डेसिबल. वाढवूनही ते तेवढेच राहते. गुणोत्तर सुधारायचे तर खरखर आत शिरण्यापूर्वीच काही केले पाहिजे.

एक गंमत सांगायची राहिली. गेम बॉयच्या चार वाहिन्यांपैकी एक वाहिनी मुद्दाम खरखर निर्माण करते. १५ बिटांची एक साखळी पुढे सरकत ३२,७६७ पायऱ्यांनी पुन्हा पहिल्या जागी येते, आणि त्यातून ढोलकीचे व झांजेचे काम भागते. हवी ती खरखर तालात बसते. नको तीच आपल्याला छळते.

त्या विद्यार्थ्याची धून त्या वर्षी झाली नाही. पुढच्या वर्षी तो पेटी घेऊन बसला, सूर जुळवले, भागाकार केले आणि जोडणी बदलली. भुंगा पुरता गेला नाही, पण धुनीच्या खूप मागे राहिला. वर्गात असे यंत्र कुरकुरले तर लगेच निकाल देऊ नये. ते कोणत्या सुरात कुरकुरते आहे, हे आधी विचारावे.