निजामाची विमाने आणि जोडीदाराचा धडा

रोशनगेटला बहिणीकडे गेलो की भाचा कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसलेला दिसतो. हवाई लढाईचा ऑनलाइन खेळ खेळतो. दुसऱ्या महायुद्धातली विमाने, समोर खरी माणसे, कुणी पुण्यातून, कुणी पोलंडमधून. गेल्या महिन्यात तासभर त्याच्या मागे बसून पाहत होतो. तेवढ्यात तो पाच वेळा पडला. प्रत्येक वेळी एकटाच शत्रूच्या मागे धावला आणि मागून आलेल्या दुसऱ्याने त्याला टिपले.

मग त्याच्या एका दोस्ताने सोबत उडायला सुरुवात केली. चित्रच बदलले. एक हल्ला करायचा, दुसरा वर थांबून त्याची पाठ राखायचा. "मामू, अकेले उडे तो मरे," तो म्हणाला.

माझे लक्ष मात्र त्याच्या विमानाच्या नावाकडे होते. स्पिटफायर, 152 हैदराबाद स्क्वाड्रन.

"मामू, ये अपना हैदराबाद?"

होय, आपलेच. त्या रात्री सुरू झालेली गोष्ट इथे लिहून काढतो आहे.

रियासतीचा पैसा, विलायतेचे आकाश

औरंगाबाद तेव्हा हैदराबाद रियासतीत होते. किंबहुना आसफजाही घराण्याचे पहिले तख्त याच शहरात होते आणि पहिले निजाम शेजारच्या खुलताबादेत दफन आहेत. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी पहिल्या महायुद्धात इंग्रजांना विमानांसाठी पैसा दिला. त्या पैशातून 110 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डीएच-9ए जातीची बॉम्बफेकी विमाने मिळाली. 1918 मध्ये ती फ्रान्समधून जर्मनीवर दिवसाढवळ्या हल्ले करत होती. स्क्वाड्रनच्या नावात 'हैदराबाद' जोडले गेले.

1939 मध्ये दुसरे युद्ध पेटले तेव्हा आणखी दोन स्क्वाड्रनना हैदराबादचे नाव मिळाले. 152 कडे पुढे स्पिटफायर आली, 253 कडे हरिकेन. 1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जी लढाई झाली, तिच्यात या दोन्ही स्क्वाड्रन होत्या. 152 च्या बोधचिन्हावर हैदराबादच्या शासकाची दस्तार आहे आणि खाली ब्रीदवाक्य आहे, 'निष्ठावान मित्र'. इंग्रजांनी निजामाला दिलेला किताबही हाच.

हा पैसा कुणाचा? निजामाची सर्फेखास म्हणजे खाजगी मिळकत काय किंवा रियासतीचा खजिना काय, दोन्ही शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यावर उभे होते. त्या रयतेत मराठवाड्याचे पाच जिल्हे होते. आमचे पणजोबा खुलताबादजवळ जमीन कसत. त्यांनी विमान कधी जवळून पाहिले असेल असे वाटत नाही.

तीन विमानांचा बाण

आता भाच्याच्या खेळाकडे येतो, कारण त्याने जो धडा एका तासात घेतला, तो शिकताना या स्क्वाड्रनमधली तरणीताठी पोरे जिवानिशी गेली.

1940 मध्ये इंग्रज वैमानिक तीन विमानांच्या बाणाकृती रचनेत उडत. पुढे नायक, दोन्ही बाजूंना अगदी खेटून एकेक विमान. संचलनात ही रचना सुंदर दिसते. लढाईत ती घातक ठरली. मागच्या दोघांची नजर नायकाच्या पंखावर खिळलेली, नाहीतर टक्कर व्हायची. आकाश पाहायला उरला एकटा नायक. मागे राखणीला एखादे विमान ठेवायचे, तर तेच सर्वांत आधी पडायचे, कारण त्याची पाठ राखायला कुणी नसायचे.

जर्मनांनी स्पेनच्या यादवी युद्धात दुसरी पद्धत बसवली होती. वर्नर मोल्डर्स या वैमानिकाचे नाव तिच्याशी जोडले जाते. मूळ घटक दोन विमानांचा. एक मारणारा, एक राखणारा. अशा दोन जोड्या मिळून चार, हाताची बोटे पसरल्यासारख्या, एकमेकांपासून लांब. अंतर मोठे असल्याने टक्करीची भीती नाही आणि चौघांचेही डोळे मोकळे.

जुन्या रचनेची किंमत 253 हैदराबादने मोजली. 30 ऑगस्टला स्क्वाड्रन लंडनच्या दक्षिणेला लढाईत उतरली. दुसऱ्याच दिवशी तिचा प्रमुख हॅरल्ड स्टार मारला गेला आणि दुसरा अनुभवी अधिकारी टॉम ग्लीव्ह पेटत्या विमानात भयंकर भाजला. ही सगळी हानी रचनेमुळेच झाली असे म्हणता येणार नाही. पण इंग्रजांना धडा कळला आणि 1941 पासून त्यांनी चार बोटांची रचना उचलली.

याच सुमारास अमेरिकेत जॉन थॅच नावाचा नौदल अधिकारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर आगकाड्या मांडून बसे. जपानी झीरो विमान त्याच्या वाइल्डकॅटपेक्षा चपळ होते. एकास एक लढलो तर हरणार, हे त्याला ठाऊक होते. आगकाड्यांनी उत्तर दिले. दोन विमाने बाजूबाजूने, थोडे अंतर ठेवून उडतील. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघेही एकमेकांच्या दिशेने वळतील. शत्रू पाठलाग करत राहिला तर थेट दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येईल. जून 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत हा डाव खरा ठरला.

दुबळ्याने एकमेकांच्या साथीने बलवानाला दमवायचे, हे आमच्या शहराला नवे नाही. हे शहर खडकी नावाने वसवणाऱ्या मलिक अंबरने मुघलांच्या अवजड फौजेला मराठा बारगीरांच्या छोट्या, वेगवान टोळ्यांनी असेच जेरीस आणले होते.

निष्ठावान मित्राची पाठ

डावाचा कणा एकच, पाठ राखणारा विश्वासाचा हवा. निजामाने विश्वास इंग्रजांवर टाकला. 152 हैदराबाद 1943 च्या अखेरीस पूर्वेकडे आली आणि बर्माच्या आघाडीवर लढली. मार्च 1946 मध्ये ती बरखास्त झाली. पुढच्या वर्षी इंग्रज गेले. निजामाला स्वतंत्र राहायचे होते, पण जुन्या मित्राने हैदराबादला वेगळ्या डोमिनियनचा दर्जा द्यायला नकार दिला.

सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजा रियासतीत शिरल्या. 15 तारखेला औरंगाबादने शरणागती पत्करली, 17 ला निजामाने. वर भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने होती. परक्या देशाच्या आकाशासाठी पैसा देणाऱ्या निजामाकडे स्वतःच्या आकाशात उडवायला एकही लढाऊ विमान नव्हते.

मला निजामाची कीव येत नाही. त्याने पाठ राखायला दूरचा साम्राज्यवाला निवडला आणि खाली जमिनीवर रझाकारांना मोकळे रान दिले. जी रयत त्याची खरी जोडीदार व्हायला हवी होती, तिला त्याने कारभारात वाटा दिला नाही. रझाकारांचा जुलूम हिंदू गावांनी सोसला. विरोधात लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्लाह खान, मुसलमान असूनही, मारला गेला. आणि फौजा आल्यानंतरचा सूड मराठवाड्यातल्या गरीब मुसलमानांनी सोसला, ज्यांचा त्या तख्तात काडीचाही वाटा नव्हता. सुंदरलाल समितीने तो नोंदवला. आमच्या घरांत तो अजून दबक्या आवाजात सांगितला जातो.

हैदराबादचाच आणखी एक वैमानिक होता. इद्रिस हसन लतीफ, जन्म 1923. 1942 मध्ये हवाई दलात दाखल झाले, इंग्लंडमध्ये हरिकेन आणि स्पिटफायर उडवायला शिकले. फाळणीत हवाई दल वाटले गेले तेव्हा सोबतचे मुसलमान अधिकारी पाकिस्तानात गेले, लतीफ भारतातच राहिले. 1978 ते 1981 ते भारताचे हवाई दलप्रमुख होते, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. आपली पाठ कुणाच्या भरवशावर सोडायची, हे त्यांनी चोवीस वर्षांच्या वयात ठरवले होते.

दर 17 सप्टेंबरला भाचा शाळेतून गप्प येतो. वर्गात कुणीतरी त्याला निजामाचा म्हणते. त्या रात्री त्याने विचारलेच, "मामू, निजाम अपना था क्या?"

मी म्हणालो, "निजाम नाही रे. ज्याच्या साऱ्यावर ते विमान उडाले, तो शेतकरी आपला. तो हिंदूही होता, मुसलमानही."

त्याने थोडा विचार केला आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला. दोस्त वाट पाहत होता.