काळे ऑइल आणि काहीही जाळणारे इंजिन

गाडीचे ऑइल बदलले की जुने काळे तेल गॅरेजच्या कोपऱ्यातल्या डब्यात जाते. त्याचे पुढे काय होते? काही बांधकामावर सेंट्रिंगच्या पाट्यांना फासले जाते, काही भट्टीत जळते. अमेरिकेत त्याला आणखी एक वाट सापडली : लष्कराने विकून टाकलेल्या जुन्या डिझेल ट्रकांची टाकी.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवाच इतकी तापते की तिच्यात आलेले इंधन आपोआप पेटते. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात असे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवले गेले. ते इतके सुरळीत चालले की हा बदल फारच थोड्यांच्या लक्षात आला, असे रुडॉल्फ डिझेल यांनीच पुढे नोंदवले आहे. मात्र हाती येईल ते इंधन चालवणे ही वेगळी गोष्ट. पेट्रोल अशा इंजिनात उशिरा पेटते; तोवर आत साठलेले सगळे एकदम भडकते आणि इंजिनाला हादरे बसतात.

यावर तोड काढली ती १९५०च्या दशकात जर्मनीतील एम.ए.एन. कंपनीच्या झिगफ्रीड मॉयरर यांनी. पिस्टनच्या माथ्यावर त्यांनी गोल वाटीसारखा खळगा ठेवला आणि बहुतेक इंधन हवेत न उडवता त्या खळग्याच्या भिंतीवर फवारले. तिथे त्याचा पातळ थर पसरतो, हळूहळू वाफ होते आणि वाफ होईल तसे ते जळते. एकदम भडका नाही. (जबलपूरला १९५९ पासून तयार होऊ लागलेला आपल्या सैन्याचा ‘शक्तिमान’ ट्रकही याच कंपनीच्या आराखड्यावरचा.) अमेरिकन सैन्याने ही पद्धत १९६०च्या दशकात अडीच टनी एम-३५ ट्रकांच्या इंजिनांत आणली. डिझेल, रॉकेल, विमानाचे इंधन, अडचणीत पेट्रोलसुद्धा चालावे, हा हेतू. युद्धात कोणता साठा हाती लागेल याचा नेम नसतो.

पुढे हे ट्रक लिलावात निघाले. घेणाऱ्यांनी हिशेब साधा केला : काळे तेल जवळजवळ फुकट मिळते, ते काही दिवस निवळू द्यावे, गाळावे, डिझेलमध्ये मिसळावे. ट्रक चालतो, यात शंका नाही.

पण गाळणीत काय अडकते? कचरा, धातूचे मोठे कण. विरघळलेले काहीच अडकत नाही. ऑइलमध्ये झीज कमी करण्यासाठी घातलेली जस्ताची संयुगे असतात. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात तर पिस्टनच्या कडांनी झिरपलेले शिसे ऑइलमध्ये उतरत असे आणि त्याच्यासोबत क्लोरीन व ब्रोमीनही; कारण शिसे इंजिनात साचू नये म्हणून त्यांची संयुगे पेट्रोलमध्ये मुद्दाम घातलेली असत. तेल जळते, धातू जळून नाहीसा होत नाही. किलोमागे १ ग्रॅम शिसे धरले तर २०० लिटरच्या एका पिंपात, म्हणजे सुमारे १८० किलो तेलात, १८० ग्रॅम शिसे झाले. त्यातले काही झडपांवर राखेच्या रूपाने बसणार, उरलेले धुरातून रस्त्याकडेच्या माणसांकडे जाणार. (आम्ही प्रयोगशाळेत थोडे जुने ऑइल मुशीत पूर्ण जाळून पाहिले, तेव्हा तळाशी करडी राख उरली. हा प्रयोग वर्गात करू नये.)

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पिंपात नेमके काय ओतले गेले, ते रंगावरून कळत नाही. मिसुरी राज्यात १९७१ मध्ये एका कंत्राटदाराने रासायनिक कारखान्यातला डायॉक्सिनयुक्त गाळ टाकाऊ तेलात मिसळून, धूळ बसावी म्हणून घोड्यांच्या रिंगणांवर फवारला. घोडे मेले, मुलेही आजारी पडली. कारण डायॉक्सिन आहे हे कळायला १९७४ उजाडले. याच कंत्राटदाराने टाइम्स बीच या गावाच्या रस्त्यांवरही तेल फवारले होते. १९८२ च्या अखेरीस तिथल्या मातीत डायॉक्सिन सापडले आणि १९८३ मध्ये दोन हजारांहून अधिक वस्तीचे हे अख्खे गाव सरकारने विकत घेऊन रिकामे करायचे ठरवले.

१९८५ मध्ये अमेरिकेने जुने तेल जाळण्यावर नियम केले. आर्सेनिक दशलक्ष भागांत ५, कॅडमियम २, क्रोमियम १०, शिसे १०० भागांपर्यंत. त्याहून जास्त असलेले तेल घरे, शाळा, दुकाने यांच्या बॉयलरमध्ये जाळायला बंदी. क्लोरीनसारखी मूलद्रव्ये १००० भागांच्या वर आढळली, तर त्यात घातक कचरा मिसळला आहे असेच धरायचे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तेलवाल्याची. आम्हाला या नियमांतला हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो टाइम्स बीचसारख्या पिंपांना लागू पडतो.

भारतात २००० सालापासून पेट्रोल शिसेमुक्त झाले, त्यामुळे काळ्या तेलातले शिसेही खूप घटले. जस्त मात्र आजही त्यात असते, आणि त्या अमेरिकन यादीत जस्ताला जागा नाही.