ड्राइव्ह-थ्रू कॉफी: खिडकीचा इतिहास आणि माझा फसलेला प्रश्न

गेल्या वर्षी संशोधन सल्लागार समितीपुढे मी माझा सिनॉप्सिस मांडला. प्रश्न साधा वाटत होता: अमेरिकेत ड्राइव्ह-थ्रू कॉफीच्या साखळ्या आल्या, त्यामुळे शहरातल्या नोकऱ्या वाढल्या की कमी झाल्या? माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रातलं. त्यामुळे नोकऱ्यांचा आकडा एका बाजूला, दुकानांचा दुसऱ्या बाजूला, मधे रिग्रेशन, आणि विषय संपला असं मला वाटलेलं. समितीतल्या एका सरांनी चष्मा काढून विचारलं, "ड्राइव्ह-थ्रू म्हणजे नक्की काय मोजणार तुम्ही? खिडकी की दुकान?" मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला. गाईड मॅडम बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आधी इतिहास वाच, मग आकडे लाव."

पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असाच फसतो. म्हणून त्या तीन-चार महिन्यांत जे वाचलं ते इथे लिहितोय. अमेरिकाच का, असं काही जण विचारतात. कारण ही गोष्ट तिथली आहे आणि तिथली आकडेवारी घरबसल्या मिळते.

सुरुवात कॉफीपासून होत नाही, आणि खिडकीपासूनही नाही. १९२१ साली टेक्सासमधल्या डॅलसला रस्त्याच्या कडेला पिग स्टँड नावाचं खाण्याचं ठिकाण सुरू झालं. गाडी लावायची, गाडीतच बसायचं, आणि एक पोरगा धावत येऊन ऑर्डर घेणार, खाणं आणून देणार. या पोरांना कारहॉप म्हणत. हे 'ड्राइव्ह-इन'. 'ड्राइव्ह-थ्रू' त्याच्या पुढची पायरी, आणि या दोन्हींत गल्लत करू नका (मी सिनॉप्सिसमध्ये केली होती). १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या बाल्डविन पार्कला इन-एन-आउट या बर्गरच्या छोट्या दुकानाने दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा स्पीकर लावला. बोलून ऑर्डर द्यायची, गाडी पुढे न्यायची, खिडकीतून पुडकं घ्यायचं. बसायला जागा नाही आणि कारहॉपही नाही.

इथे थांबा जरा. नोकऱ्यांच्या दृष्टीने स्पीकर म्हणजे काय? एका यंत्राने पायी धावणाऱ्या माणसाचं काम काढून घेतलं. म्हणजे ड्राइव्ह-थ्रूचा जन्मच एका नोकरीच्या जागी झालेला आहे. पण माझ्या रिग्रेशनमध्ये हे कुठेच दिसलं नसतं, कारण माझी आकडेवारी सुरू होत होती १९९० च्या दशकात.

मॅकडोनाल्ड्सची पहिली खिडकी १९७५ ची, ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावातली. शेजारी फोर्ट वाचुका ही लष्करी छावणी. तिथल्या सैनिकांना छावणीबाहेर कामाच्या गणवेशात गाडीतून उतरायला मनाई होती. मग दुकानाच्या भिंतीला भोक पाडून खिडकी केली. घाई किंवा अमेरिकन माणसाचा आळस वगैरे कारणं नंतर चिकटवली गेली. या खिडकीमागे एक नियम होता.

आता कॉफी. बर्गर गाडीत खाता येतो, पण उघड्या कपातली गरम कॉफी चालत्या गाडीत पिणार कशी? त्यासाठी दोन क्षुल्लक वस्तू लागल्या. एक, उंच कडेचं, पिण्याच्या छिद्राचं प्लास्टिकचं झाकण. त्याचं सगळ्यांत माहितीतलं रूप, 'सोलो ट्रॅव्हलर', १९८० च्या दशकातलं. दुसरी, गाडीतला कप ठेवायचा खाचा. क्रायस्लरच्या मिनीव्हॅन १९८३ च्या अखेरीस बाजारात आल्या तेव्हा त्यांत तो होता, पण सगळ्या गाड्यांत यायला वेळ लागला. तो नसला तर काय होतं हे १९९२ साली अल्बुकर्कीत दिसलं. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत शेजारच्या सीटवर होत्या. मॅकडोनाल्ड्सच्या खिडकीतून कॉफी घेतली, नातवाने गाडी थांबवली, आणि साखर-दूध घालायला त्यांनी कप गुडघ्यांत धरून झाकण ओढलं. गाडीत कप ठेवायला जागाच नव्हती. कॉफी ८० अंश सेल्सियसच्या वर. गंभीर भाजलं, त्वचारोपण करावं लागलं. हा खटला पुढे 'कॉफी सांडली म्हणून लाखो डॉलर' असा चेष्टेचा विषय झाला, ते मला अजूनही पटत नाही. ज्यूरीने ठरवलेली २७ लाख डॉलरची दंडात्मक भरपाई न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर आणली आणि शेवटी प्रकरण आपसात मिटलं.

माझ्या दृष्टीने त्या खटल्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: कॉफी पिण्याची खुर्ची दुकानातून उठून गाडीत आली होती, आणि गाडी अजून त्यासाठी तयार नव्हती.

गंमत म्हणजे त्याच सुमारास खुर्चीचं कौतुक करणारा विचारही पसरत होता. रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९८९ च्या पुस्तकात 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. घर पहिली, काम दुसरी, आणि माणसं विनाकारण जिथे बसतात ती तिसरी. कट्टा, चहाची टपरी, न्हाव्याचं दुकान आठवा. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. स्टारबक्सने हा शब्द उचलला. आणि त्याच स्टारबक्सने १९९४ साली पहिलं ड्राइव्ह-थ्रू उघडलं. तोपर्यंत १९९२ मध्ये ओरेगनच्या ग्रँट्स पासमध्ये बोर्स्मा भावांनी, डेअरीच्या घरातल्या दोघांनी, हातगाडीवर एस्प्रेसो विकायला सुरुवात केली होती. तीच पुढे डच ब्रोस ही साखळी, जिची बहुतेक दुकानं म्हणजे खिडक्याच.

म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू शहरात आल्या: एक खुर्ची असलेली, एक नसलेली. "खिडकी की दुकान?" हा सरांचा प्रश्न इथे मला कळला.

शहराला खिडकीचा त्रास कुठे होतो? रांगेत. हे माझ्या विषयातलं असल्यामुळे थोडं सविस्तर सांगतो. समजा एकच खिडकी आहे, गाड्या अनियमित अंतराने येतात आणि प्रत्येकीला लागणारा वेळही कमीजास्त आहे. सगळ्यांत साध्या मॉडेलमध्ये खिडकीवरचा भार ८० टक्के असेल तर सरासरी ४ गाड्या तिथे असतात. भार ९० टक्के झाला की ९. ९५ टक्के झाला की १९. गिऱ्हाईक थोडंसंच वाढलं, पण रांग दुप्पट-चौपट झाली. नकाशा मंजूर करताना आत पाच-सहा गाड्यांची जागा दाखवलेली असते. सकाळी आठला सातवी गाडी फुटपाथवर, दहावी सायकलच्या लेनमध्ये, आणि पुढची बसला आडवी. दुकानाचा फायदा आणि रस्त्याचा तोटा हे एकाच समीकरणातून निघतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिनियापोलिस शहराने नव्या ड्राइव्ह-थ्रूंवर बंदीच घातली. पायी चालणाऱ्यांची सुरक्षितता आणि उभ्या गाड्यांचा धूर ही त्यामागची कारणं. दुसरी बाजूही खरी आहे. ज्याला गाडीतून उतरणं अवघड आहे, किंवा जिची मागच्या सीटवर दोन लेकरं झोपलेली आहेत, तिच्यासाठी खिडकी ही सोय आहे. आणि २०२० मध्ये बसायच्या जागा बंद झाल्या तेव्हा खिडकी असलेली दुकानं चालू राहिली, तिथली कामंही.

आता नोकऱ्या. पहिली चूक म्हणजे दुकानात किती लोक कामाला हे मोजून 'इतके रोजगार निर्माण झाले' म्हणणं. कोपऱ्यावरचं जुनं कॅफे बंद पडलं असेल तर तिथले वजा करायचे की नाही? दुसरी चूक भागाकाराची. नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलमध्ये जो मिनिकोझी यांनी एक तुलना केली, ती वॉलमार्टची आहे, कॉफीची नाही, पण पद्धत शिकण्यासारखी: दर दुकानामागे नोकऱ्या न मोजता दर एकरामागे मोजल्या. वॉलमार्टमध्ये एकरी सुमारे ६, गावातल्या एका दुरुस्त केलेल्या जुन्या इमारतीत एकरी सत्तरच्या वर. ड्राइव्ह-थ्रूची जमीन बहुतेक गाड्यांच्या वळणालाच जाते, त्यामुळे हा भागाकार इथेही करून बघायला हवा.

तिसरी गोष्ट कामाच्या स्वरूपाची, आणि ती आकड्यात मावत नाही. स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये आपल्याच अधिकाऱ्यांना एक टिपण लिहिलं, ते बाहेर फुटलं. त्यात तक्रार होती की नव्या स्वयंचलित यंत्रांनी वेग वाढवला, पण ती इतकी उंच की गिऱ्हाइकाला कॉफी करणारा माणूसच दिसेना. ड्राइव्ह-थ्रूत तर तो मुळातच दिसत नाही. हेडसेटमधून आवाज, आणि भिंतीवर सेकंद मोजणारं घड्याळ. नोकरी तीच, हुद्दा तोच. उलट डच ब्रोसमध्ये मुलं हातात टॅबलेट घेऊन रांगेतल्या गाड्यांपर्यंत चालत जातात आणि काचेपाशी ऑर्डर घेतात. १९४८ च्या स्पीकरने घालवलेला कारहॉप परत आलाय की! म्हणून 'ड्राइव्ह-थ्रू म्हणजे कमी माणसं' हेही सरसकट म्हणता येत नाही.

मला दिशा मिळाली ती २०२४ च्या एका शोधनिबंधाने. चोई, गुझमन आणि स्मॉल या तिघांनी विचारलं, जिथे आधी कॉफीचं दुकान नव्हतं अशा वस्तीत स्टारबक्स आलं तर नवे उद्योग वाढतात का? आलं तिथली आणि न आलं तिथली वस्ती नुसती शेजारी ठेवली तर घोटाळा होतो, कारण कंपनी वाढत्या वस्तीतच दुकान काढणार. म्हणून त्यांनी तुलनेला अशा वस्त्या घेतल्या, जिथे स्टारबक्स यायचं ठरलं होतं पण आलं नाही. तयारी करणाऱ्यांनो, या एका युक्तीसाठी तो निबंध वाचा. उत्तर: पुढची सात वर्षं, दरवर्षी सुमारे ५ ते १२ टक्के जास्त नवे उद्योग. लेखक याचं श्रेय माणसं भेटण्याच्या जागेला देतात, म्हणजे खुर्चीला.

मग माझा नवा प्रश्न सरळ होता: खुर्ची काढली तर हा परिणाम उरतो का? मोठ्या उत्साहाने आकडे उघडले. अमेरिकेच्या उद्योग वर्गीकरणात कॉफीच्या दुकानांचा कोड ७२२५१५. त्यात कॉफी, आइस्क्रीम, ज्यूस, पॉपकॉर्न सगळे एकत्र. बसायला जागा आहे की नाही, याचा रकानाच नाही. मग गंमत म्हणून वाहतूक अभियंत्यांचं ट्रिप जनरेशन मॅन्युअल पाहिलं. तिथे कॉफीच्या दुकानांचे तीन कोड: ९३६ खिडकी नसलेलं, ९३७ खिडकी असलेलं, ९३८ खिडकी असलेलं पण आत बसायला जागा नसलेलं. खुर्चीची नोंद रोजगार मोजणाऱ्यांनी केली नाही, गाड्या मोजणाऱ्यांनी केली.

सध्या मी एका शहराचे बांधकाम परवाने एकेक करून उघडतोय आणि नकाशात खुर्च्या आहेत का ते बघून हाताने रकाना भरतोय. कालपर्यंत ११२ झाले. पुढच्या समितीला दोन महिने आहेत.