हट्टाचे कारण

नेपल्स येथे नीरोची गुहा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी एक तरुण आई आपल्या दीड वर्षांच्या मुलासह चालली होती. मूल दमले, तिने त्याला उचलून घेतले. मध्येच उकडू लागले म्हणून अंगातील कोट काढून हातावर टाकला. त्या क्षणापासून मुलाने जो आक्रोश मांडला तो काही केल्या थांबेना. आईने समजावून पाहिले, बरोबरच्या मंडळींनीही प्रयत्न केले; रडणे वाढतच गेले. अखेरीस मंडळीतील एका बाईंनी आईला कोट पुन्हा अंगात घालण्यास साहाय्य केले आणि मूल शांत झाले. कोटाची जागा खांद्यावर, हातावर नव्हे, एवढेच त्या बालकाचे गाऱ्हाणे होते. त्या बाई म्हणजे मारिया माँटेसरी. बालपणाच्या रहस्यावरील आपल्या ग्रंथात, १९३६ साली, त्यांनी ही हकीकत सांगितली आहे.

अशा मुलाला आपल्याकडे एकच विशेषण मिळते, ते म्हणजे हट्टी. पहिली पाच वर्षे मुलाचे लाड करावेत आणि पुढील दहा वर्षे त्याला ताडन करावे असा एक जुना संस्कृत दंडक आहे. या दंडकाने तान्ह्यांना छडीपासून वाचविले हे त्याचे उपकार मान्य केले पाहिजेत. परंतु लाड करणे निराळे आणि समजून घेणे निराळे. पाच वर्षांच्या आतले मूल असे का वागते, हा प्रश्न त्या दंडकाने विचारलाच नाही. तो विचारला जाण्यास आणि त्याचे उत्तर योग्य ठिकाणी शोधले जाण्यास विसाव्या शतकाची पहिली पन्नास वर्षे लागली, आणि त्या शोधातील एक मोठा भाग सौराष्ट्रात व महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडला.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत माँटेसरींचे पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर चाळींच्या भिंती खराब करणाऱ्या मुलांना कोठे तरी गुंतवावे, हा इमारतवाल्यांचा हिशेबी हेतू होता. त्या हेतूतून एक नवे शास्त्र जन्मास आले हा इतिहासाचा विनोदच होय.

इकडे काठेवाडात गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. १८८५ साली जन्मलेला हा गृहस्थ आफ्रिकेतही जाऊन आलेला. वकिलीत त्याचा जम बसत होता. १९१३ साली त्यांना मुलगा झाला. त्याला वाढवावयाचे कसे, या चिंतेने त्यांनी वाचन सुरू केले आणि त्या वाचनातून ते माँटेसरींच्या विचारांपर्यंत पोचले. १९१६ साली वकिली सोडून ते नानाभाई भट्ट यांच्या भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. प्रथम त्यांनी मोठी मुले शिकविली. मग ध्यानात आले की पुष्कळशी घडण त्याआधीच होऊन गेलेली असते. १९२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांचा हा माणूस मुलांमध्ये इतका रमला की लोक त्याला ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणू लागले.

गिजुभाईंचे मोठेपण केवळ रोमची पद्धत भावनगरास आणण्यात नव्हते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ मांडतो. दारे-खिडक्या बंद करून तो मुलांना निःशब्द बसावयास सांगतो. त्याची अपेक्षा की मुलांना दूरचे आवाज ऐकू येतील. मुले हसू लागतात, नाना आवाज काढतात, आणि खेळाचा पार विचका होतो. शिक्षक मुलांना दोष देत नाही. आपली योजनाच या मुलांसाठी नव्हती असे मानून दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास बसतो. ही मुले चौथीतली, वयाने मोठी. पण धडा तोच आहे. माँटेसरींचा लाडका खेळ माँटेसरींच्याच भक्ताने आपल्या पुस्तकात फसवून दाखवावा, यात केवढा प्रामाणिकपणा आहे! आईबाप होणे अवघड असते अशा अर्थाचे एक स्वतंत्र पुस्तकही त्यांनी लिहिले. मुलाच्या वागण्याचे कारण पुष्कळदा घरातल्या मोठ्यांत सापडते, हे ते पालकांना न कंटाळता सांगत राहिले. २३ जून १९३९ रोजी ते वारले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माँटेसरी भारतात, मद्रासजवळ अड्यार येथे आल्या.

गिजुभाईंच्या सहकाऱ्यांत ताराबाई मोडक होत्या. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजातील प्राचार्यपद सोडून त्या भावनगरास आल्या होत्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार उभारला. तेथील मुले बहुतांशी मध्यमवर्गीय घरांतली. मग १९४५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गाठले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. बालपणीच विवाह आणि वैधव्य भोगलेली ही बाई पुढे जन्मभर त्याच कामात राहिली.

बोर्डीत प्रश्न हट्टाचा नव्हताच. मुले बालवाडीत येतच नसत. अडाणीपणा, अनास्था ही शहरी उत्तरे तयारच होती. ताराबाईंनी ती स्वीकारली नाहीत. मुले येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले, आणि अंगणवाडी जन्मास आली. अंगणात प्रथम मुलांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, मग खेळ, गाणी. इटलीची महाग साधने बाजूस सारून खडे, पाने, बिया, शिंपले यांवर गणती व रंगओळख सुरू झाली. माँटेसरींचा काटेकोर अनुयायी याला धर्मबाह्य म्हणेल, म्हणो बापडा.

त्याहून खोल शोध पुढे लागला. शाळेच्या वयाची मुलगी घरी राहते, कारण आईबाप मजुरीस गेल्यावर धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याची योजना झाली. तिला विकासवाडी म्हणतात. कडेवरचे मूल पाळण्यात ठेवून बहीण पलीकडच्या वर्गात बसू शकली. नेपल्सच्या बालकाच्या रडण्याचे कारण आईच्या कोटात सापडले होते. येथे मुलीच्या गैरहजेरीचे कारण आईच्या रोजंदारीत सापडले. हे दुसरे कारण शोधणे अधिक कठीण होते, कारण ते दूर करण्यास नुसती सहृदयता पुरेशी नव्हती. जागा, पाळणे आणि माणसे लागत होती.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत, स्थिरावले. ताराबाई १९७३ साली वारल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात अशी सुमारे चौदा लाख केंद्रे आहेत. पोषण, लसीकरण, वजन आणि नोंदवह्या यांतच सेविकेचा बराचसा दिवस जातो, आणि खेळगाणी उरलेल्या वेळात होतात. केंद्र आता पक्क्या खोलीत भरते. अंगण नावापुरते राहिले. तरीही बोर्डीत घडलेला हा शब्द भाषा न बदलता राज्याराज्यांतून फिरला आहे, आणि कित्येक गावांत सकाळी केंद्राच्या दाराशी येणाऱ्या मुलीच्या कडेवर अजूनही एक धाकटे भावंड असते.